मूठभर माश्या

बसथांब्याच्या लोखंडी खांबावर, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, मूठभर माश्या बसलेल्या त्याला दिसल्या, तेव्हा तो नुकताच एका सहा मजली इमारतीची लिफ्ट नापास करून रस्त्यावर आला होता. लिफ्ट नापास केली की इमारतीचे चिटणीस नेहमी जे म्हणतात तेच याही चिटणिसांनी म्हटलं होतं, की साहेब, इतकी वर्षं चालतेय की. आणि तो नेहमी म्हणतो ते म्हणाला होता, की चालतेय म्हणूनच बघायला आलो, बंद असती तर कशाला आलो असतो. लिफ्ट तपासायच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत हा विनोद इतक्या वेळा करून झाला होता की करताना त्याचं स्वतःचंही लक्ष नसे. हाताला वंगणाचा वास येत होता. दीड वाजला होता. दोनपासून त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि कधी एकदा घरच्या गच्चीवर पोचतो असं त्याला झालं होतं. थांब्यावरची माणसं खांबापासून चार हात लांब, एकाच कडेला दाटीवाटीनं उभी होती. एका बाईनं ऊन नसलेल्या बाजूला छत्री धरली होती. रोज त्याच खांबाला टेकून उभं राहायची सवय असावी असा एक म्हातारा आता आपलं अंग कुठं ठेवावं ते न कळून नुसता अवघडला होता.

“सकाळी भोपळ्याएवढं होतं,” शेजारच्या टपरीतला वर्तमानपत्रवाला म्हणाला. “काल दुपारपासून लटकलेलं. आज नऊला अग्निशमनवाले आले, पोत्यात घातलं आणि गेले. ह्या मागाहून आल्या. एकेक करत येतायत आपल्या.”

तो जवळ गेला. माणसांतून कुणीतरी “अहो, अहो” म्हणालं. माश्या डसायच्या बेतात नव्हत्याच. त्या एकमेकींच्या पायांना धरून खांबाच्या गंजलेल्या रंगावर चिकटून होत्या आणि दोन-चार सारख्या उठून, हातभर गिरकी घेऊन, परत त्याच जागी येऊन बसत होत्या. या कोण हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मोहोळात दाटी झाली की जुनी राणी अर्धी प्रजा घेऊन बाहेर पडते. घर मागं लेकीसाठी सोडायचं आणि आपण उघड्यावर, फांदीला नाहीतर खांबाला लटकून बसायचं, अशी त्यांची रीत. मग त्यातल्या दोन-चारशे माश्या नवं घर शोधायला जातात आणि बाकीच्या त्यांच्या भरवशावर लटकून राहतात. म्हणून थवा पेटीत भरला तरी पेटी जागची हलवायची नाही. संध्याकाळपर्यंत तिथंच ठेवायची. घर बघायला गेलेल्या अंधारायच्या आत परत येतात. त्या आल्या, आत गेल्या, की मग दार लावायचं. हा नियम त्याला आपल्या जन्मतारखेसारखा पाठ होता. अग्निशमनवाल्यांना तो पाठ असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी नऊला पोतं बांधलं, आणि घर बघायला गेलेल्या परत आल्या तेव्हा खांबावर नुसता वास उरला होता.

त्यातल्या एकीच्या पाठीवर पांढरा ठिपका होता.

तो ठिपका त्यानंच दिला होता, ऑफिसातल्या खोडायच्या पांढऱ्या शाईनं, काडीच्या टोकानं. गेली दोन वर्षं त्यानं गच्चीवर, माश्या असलेल्या आपल्या दोन पेट्यांपासून लांब, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीवर, एक रिकामी पेटी मांडून ठेवली होती. आत जुनं मेण घासलेलं, दोन जुनी पोळी टांगलेली, दार दोन बोटांचं, तोंड पूर्वेला. पहिल्या वर्षी कोळ्यांनी घर केलं. या वर्षी नऊ दिवसांपूर्वी पहिली माशी आली. ती दारात उतरली, आत गेली, पुष्कळ वेळ बाहेर आली नाही. त्यानं पेटीच्या लाकडाला कान लावला तर आत तिची पावलं चाललेली. भिंतीवरून चालत चालत ती खोली मोजत होती. दुसऱ्या दिवशी चार आल्या, मग वीस. त्यानं अकराजणींना ठिपके दिले, म्हणजे त्याच त्या येतात की नव्या येतात ते कळावं. “माश्यांनासुद्धा हजेरीपटावर घेतलंत का?” बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली. आज सकाळी साडेसहाला तर दारात शंभरएक होत्या, रेटारेटी चालली होती, एक-दोघी आतला कचरा ओढून बाहेर टाकत होत्या. घर पसंत पडल्याची खूण ती. आज दुपारी नाहीतर उद्या, असा त्याचा हिशेब होता, आणि आयुष्यात जमलेले त्याचे हिशेब थोडे असले तरी हा जमणार याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. सगळा थवा आभाळातून गुंईऽऽ करत गच्चीवर उतरेल, तो खुर्ची टाकून बसलेला असेल. आणि ती गच्ची इथून पुरती पाऊण किलोमीटरही नव्हती.

पहिल्यांदा आला तो राग. तोंडचा घास जावा तसा. पण त्या रागाखालून दुसरंच काही वर येऊ लागलं, आणि ते काय हे समजायच्या आधी त्याची नजर बसथांब्यामागच्या गल्लीकडे गेली. गल्लीच्या टोकाची चार मजली इमारत येत्या महिन्यात पाडायची होती. तिच्यात आता एकच बिऱ्हाड उरलं होतं, चौथ्या मजल्यावरचं. ते ताईचं. शनिवारी, म्हणजे आणखी तीन दिवसांनी, ताई शहराबाहेरच्या वृद्धांच्या निवासगृहात राहायला जाणार होती. तिनंच जाऊन बघून, अर्ज भरून, सगळं ठरवून मग भावाला फोनवर कळवलं होतं, दुसऱ्याच कुणाचा निरोप द्यावा तसं. महिनाभर बायको रोज विचारत होती, “अहो, वन्संना विचारलंत का?” मुलगी नोकरीसाठी गेल्यापासून त्यांची मागची खोली रिकामी होती. त्यानं ती रंगवून घेतली, खिडकीची कडी बदलली, पंखा बसवला. बायको म्हणाली, “खोली काय स्वतःहून बोलवायला जाणार आहे त्यांना?” तो उद्या-परवा करत राहिला. ताई नाही म्हणेल याची त्याला भीती नव्हती. ती हो म्हणेल आणि मग त्यांच्यामध्ये जे बेचाळीस वर्षं कुणी उचललं नव्हतं ते रोज जेवणाच्या टेबलावर येऊन बसेल, याची भीती होती.

बेचाळीस वर्षांपूर्वीची ती सकाळ त्याला आठवायची म्हणून आठवावी लागत नसे. वडील गिरणीत हजेरी लिहायचे. गिरणी बंद पडली आणि गिरणीची खोली महिनाअखेर सोडायची होती. वडील तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात आईचा शब्द, गिरणीत मुकादमाचा. फक्त माश्यांच्या बाबतीत ते राजे होते. उघड्या हातानं थवा फांदीवरून खरवडून पेटीत भरायचे, आणि मग उपडी बादली टाकून पेटीशेजारी बसायचे ते थेट दिवस मावळेपर्यंत. हातात पुस्तक, पण पान उलटलेलं कुणी पाहिलं नाही. आई जेवायला हाका मारून थकायची. “आत बसल्यात त्यांचं काय,” ते म्हणायचे, “त्या कुठंही राहतील. बाहेर गेल्यात त्यांच्यासाठी थांबायचं असतं.” तो त्यांच्या हाताखाली सगळं शिकला. ताईला मात्र माश्यांची भीती. पेटी उघडली की ती खिडक्या लावून आत बसायची आणि काचेतून ओरडून विचारायची, “झालं का?” ती चोवीस वर्षांची होती, या शहरात टेलिफोन खात्यात नुकती लागली होती, मुलींच्या वसतिगृहात राहत होती, आणि घरच्यांसाठी जागा शोधायचं काम तिच्यावर होतं. ड्यूटी संपली की ती जिने चढायची. तिची पत्रं यायची: एक बघितली, अंधारी आहे, दुसरी बरी आहे पण पाणी खालून आणावं लागेल, आईचे गुडघे, तिसऱ्या घराचा मालक फार बोलतो. मंगळवारी पत्र आलं: मिळाली. दोन खोल्या, चौथा मजला, पूर्वेची मोठी खिडकी. रविवारी न्यायला येते, बांधून ठेवा.

बुधवारी संध्याकाळी मामा आला. ट्रक घेऊनच आला. त्याच्या गावात त्याच्या दुकानावरचा मजला रिकामा होता. “एका पोरीच्या भरवशावर अख्खं घर हलवणार तुम्ही?” तो म्हणाला, आणि आईला ते पटलं, कारण मामाचं आईला नेहमीच पटायचं. वडील एवढंच म्हणाले, “पोरीला कळवा.” आई म्हणाली, कार्ड टाकते. वडिलांच्या दोन पेट्या आधीच शाळामास्तरांकडे पोचवल्या होत्या, एक रिकामी उरली होती, तिच्यात आईनं पेले भरले होते. आणि गुरुवारी सकाळी, ट्रक भरत असताना, कुठून कोण जाणे, अंगणातल्या डाळिंबाच्या झाडावर एक थवा येऊन बसला. वडिलांनी पेटीतले पेले काढून पायरीवर मांडले. आईनं कपाळावर हात मारला. दहा वाजता थवा पेटीत गेला. दारात माश्या शेपट्या वर करून पंख हलवू लागल्या, चुरगळलेल्या लिंबाच्या पानासारखा वास अंगणभर पसरला, म्हणजे राणी आत होती. वडील उपड्या बादलीवर बसले. एक वाजला, दोन वाजले. मामानं तीनदा हॉर्न वाजवला. तो, सतरा वर्षांचा, फडकं आणि सुतळी घेऊन पेटीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, संध्याकाळ?” वडिलांनी झाडाकडे बघितलं, मग ट्रककडे, मग पुन्हा झाडाकडे.

“बांध,” ते म्हणाले.

त्यानं बांधलं. गाठ चांगली घट्ट मारली. ट्रक वळताना त्यानं मागं बघितलं तेव्हा डाळिंबाच्या फांदीभोवती माश्या घिरट्या घालत होत्या, आणि बादली तशीच उपडी होती. कार्ड वाटेत टाकलं. ते ताईच्या वसतिगृहात सोमवारी पोचलं. ताई रविवारीच पहाटेच्या गाडीनं निघाली होती. पुढं पंधरा दिवसांनी ती मामाच्या गावी आली, येताना सफरचंदं आणली, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि “बरं केलंत” एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. परत जाऊन ती त्याच दोन खोल्यांत राहिली. लग्नाचं कुणी काढलं तर “लाइन व्यस्त आहे” म्हणून हसायची. आईवडील तिकडे गेले ते मामाच्याच गावात वारले. त्या खोल्या दोघांनीही पाहिल्या नाहीत. त्याला याच शहरात नोकरी लागली तेव्हा तो मेसमध्ये राहिला, ताईकडे नाही. दोघा भावंडांनी तो विषय कधी काढला नाही. वर्षातून चार वेळा तो जिने चढून जायचा, बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, चहा घ्यायचा, तब्येतीचं विचारायचा आणि उतरायचा. ताई त्याच्या घरी कधी आली नव्हती, आणि आतली खोली त्यानं चौतीस वर्षांत कधी बघितली नव्हती. अनोळखी इमारतीत तो थेट यंत्राच्या खोलीपर्यंत घुसायचा. इथं मात्र उंबरठ्याच्या आत दोन पावलं, तेवढीच त्याची हद्द.

“आता ह्यांचं काय?” वर्तमानपत्रवाला विचारत होता. त्यानं बहुधा दुसऱ्यांदा विचारलं होतं.

“राणी नाही ह्यांच्यात. अशा राहिल्या तर चार दिवसांत मरतील,” तो म्हणाला. “माझ्याकडं घरी पेट्या आहेत. एकीत माश्या कमी झाल्यात. तिच्यात घालता येतील. पण एकदम घातल्या तर आतल्या मारून टाकतात, वास वेगळा येतो ना. मग मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा. वरच्या वर, खालच्या खाली. दोन्हीकडून कागद कुरतडत बसतात. तो फाटेस्तोवर वास एक होतो. मग भांडत नाहीत.”

“म्हणजे आमचा माल कुठंतरी कामाला येतो म्हणायचा,” वर्तमानपत्रवाला म्हणाला.

त्याला एक खोका हवा होता आणि सुतळी. टपरीत मागितली असती तर मिळाली असती. तो गल्लीत शिरला. इमारतीला लिफ्ट नव्हती, कधीच नव्हती. रिकाम्या बिऱ्हाडांची दारं उघडी होती, आतल्या भिंतींवर फोटोंच्या आणि कपाटांच्या जागा फिकट उरल्या होत्या. चौथ्या मजल्यावर त्यानं दार वाजवलं.

“बोला,” आतून आवाज आला. एकतीस वर्षं टेलिफोनवर बसलेली ताई दारावर, दुकानात, देवासमोरसुद्धा हेच म्हणते असं बायको थट्टेनं म्हणायची. दार उघडलं. ताई वाळकी, ताठ, चष्मा कपाळावर. मागं बाहेरच्या खोलीत तीन खोकी बांधून ठेवलेली. फक्त तीन. “धाकट्या? आज कसा? आज काही नाही.”

आज काही नाही, म्हणजे वर्षातल्या चार दिवसांपैकी आजचा दिवस नाही. त्याला ते लागलं. “ताई, एक खोका हवाय,” तो म्हणाला, “आणि सुतळी. खाली खांबावर माश्या आहेत. थवा लोकांनी उचलून नेला, ह्या मागं राहिल्या.”

ताईनं त्याच्याकडं बघितलं. मग ती आत गेली आणि त्यानं मागितलं नव्हतं तेही घेऊन आली: बुटांचा खोका, सुतळीचा गुंडा आणि पिठाची चाळणी. चपला पायात सरकवल्या. “चल.”

“तू कशाला? तुला भीती वाटते.”

“चल म्हटलं ना.”

खाली तिनं थांब्यावरच्या माणसांना “जरा बाजूला होता का” असं ज्या आवाजात म्हटलं त्या आवाजात एकेकाळी तिनं परगावचे कॉल जोडून दिले असतील. माणसं आणखी चार हात सरकली. तो खोका घ्यायला हात पुढं करतोय तोवर तिनं तो स्वतःच उपडा धरून, माश्यांच्या बरोबर वर, खांबाला टेकवला आणि सुतळीचे तीन वेढे दिले. माश्या वरच्या अंधाराकडे चढतात हे तिला माहीत होतं. मग तिनं उघडा तळवा त्या मुठीच्या खाली नेला आणि अगदी सावकाश, झोपलेल्या मुलाची मान सावरावी तसा, वर ढकलला. एक माशी तिच्या मनगटावर चढली, चालत बांगडीपर्यंत गेली, परत फिरली. थोड्या वेळानं पहिली रांग खोक्यात शिरली. खोक्याच्या तोंडाशी दोघींनी शेपट्या वर केल्या. लिंबाच्या पानाचा वास आला, अगदी थोडा.

“आता संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही,” ताई म्हणाली आणि थांब्याच्या बाकावर बसली.

तो तिच्याशेजारी बसला. दोन बसगाड्या आल्या आणि गेल्या. थांबा रिकामा झाला आणि पुन्हा भरला.

“हे तुला कुणी शिकवलं?” त्यानं विचारलं.

“कुणी शिकवायचं? काचेतून बघत नव्हते का मी?” ताई म्हणाली. मग चाळणी मांडीवर उलटीपालटी करत, तितक्याच सरळ आवाजात म्हणाली, “ह्याआधी एकदाच केलंय. त्या रविवारी.”

त्यानं चाळणीकडं बघितलं.

“दार उघडंच होतं. आत काही नाही. पायरीवर आईचे पेले मांडलेले, आणि स्वयंपाकघरात खिळ्याला ही चाळणी. विसरली होती आई. मला वाटलं, बाजारात गेले असतील. खुळ्यासारखी तासभर तशीच बसले. ट्रकच्या चाकांच्या खुणा समोर दिसत होत्या, तरी. मग शेजारच्या बाईंनी सांगितलं. बादली होती अंगणात, तिच्यावर बसले. आणि डाळिंबावर बघते तर ह्या. एवढ्याच. तीन दिवस तशाच होत्या बिचाऱ्या.” तिनं खांबाकडं हात केला. “मी बाबांसाठी चपला घेतल्या होत्या शहरातून. त्यांचा खोका रिकामा केला. पहिल्यांदा तर अर्ध्या खालीच पडल्या. संध्याकाळपर्यंत थांबले. तीनची गाडी गेली, पाचची गेली. शेवटच्या गाडीनं आले. खोक्यावर ही चाळणी झाकण म्हणून. कंडक्टर म्हणाला, काय आहे बाई ह्यात? म्हटलं, घरचे आहेत.”

ती हसली. त्याला हसू आलं नाही. बाबांच्या त्या चपला त्याला आठवल्या. एक माप मोठ्या होत्या. बाबांनी कधी बदलून आणा म्हटलं नाही, शेवटपर्यंत फटकफटक करत त्याच घातल्या.

“खोलीत आणून खिडकीत ठेवल्या,” ताई म्हणाली. “साखरेचं पाणी घातलं. अकरा दिवस होत्या. राणी नसली की टिकत नाहीत, माहीत होतं मला, बाबांचं ऐकून ऐकून. पण म्हटलं, घर कुणाला तरी दाखवायला हवं की नको. एवढं शोधलेलं.”

रस्त्यावरचा आवाज चालूच होता. त्याला वाटलं, आपण काहीतरी बोललं पाहिजे, आणि जे बोलायचं म्हणून तो महिनाभर शब्द जुळवत होता, की ताई आमच्याकडं चल, खोली रिकामी आहे, रंगवली आहे, पंखा बसवलाय, ते सगळं एकदम फार उर्मट वाटू लागलं. घर दाखवायला निघाला होता तो. हिचं कुणी बघितलं नव्हतं.

“ताई,” तो म्हणाला, “मला घर दाखव.”

तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याला नीट बघितलं. मग उठली. जिन्यात ती पुढं आणि तो मागं; प्रत्येक मजल्यावर ती जरा थांबायची, आणि तो लिफ्टसाहेब, ज्याच्या सहीवाचून शहरात लिफ्टचे शेकडो पाळणे हलत नसत, तिच्या गुडघ्यांकडे बघत एक पायरी खाली उभा राहायचा. दार उघडून ती आत गेली आणि वळून, पहिल्यांदाच आलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, “ये. चपला इथं काढ.”

“ही बाहेरची. इथं बाबांची खुर्ची ठेवायची होती. दाराजवळ, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलता येतील.” तीच खुर्ची, ज्यात तो वर्षातून चारदा बसायचा. “इथं आईची पलंगडी. नळ दहा पावलांवर आहे, मोजलीत मी. ही भिंत मी स्वतः रंगवली होती तुम्ही यायच्या आधी, खालून जरा डाग राहिलाय बघ.” मग ती आत गेली आणि तो मागोमाग गेला. आतली खोली लहान होती, स्वच्छ होती. एक पलंग, एक कपाट, पूर्वेची खिडकी, आणि खिडकीखाली पलंगापासून भिंतीपर्यंत दोन-अडीच हातांची मोकळी जागा. इतक्या लहान खोलीत एवढी जागा कुणी मोकळी सोडत नाही. वर भिंतीत दिव्याची खुंटी होती, दिवा नव्हता. “इथं तुझं टेबल,” ताई म्हणाली. “उजेड डावीकडून येतो. अभ्यासाला बरं. आणि पेट्या वर गच्चीत. मालकाला विचारून ठेवलं होतं मी.”

त्या मोकळ्या जागेत जाऊन तो उभा राहिला. उजेड खरंच डावीकडून येत होता. खाली गल्ली, गल्लीच्या तोंडाशी थांबा आणि खांब, खांबावर ठिपक्याएवढा खोका दिसत होता. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला असं रडू येतं हे त्याला विचित्र वाटलं, पण आवरायचं त्यानं मनावर घेतलं नाही.

“ताई, पेटी मी बांधली त्या दिवशी,” तो म्हणाला. “बाबा बांध म्हणाले आणि मी बांधली. थांबायला हवं होतं.”

“हो,” ताई म्हणाली. “हवं होतं.”

मग तिनं चहा टाकला, आणि तो त्यानं बाहेरच्या खुर्चीत न बसता आतल्या खोलीत, जमिनीवर, टेबलाच्या जागी बसून घेतला. ताई पलंगावर बसली. तिनं निवासगृहाची माहिती सांगितली: जेवण सातला, दिवे नऊला, खोलीत दोघीजणी, दुसरी ऐकायला कमी येणारी. “मला म्हणजे बरंच आहे, आयुष्यभर बोलून झालंय,” ती म्हणाली. त्यानं मागच्या खोलीचं सांगितलं. पंखा आणि रंग वगळून सांगितलं. खिडकी कुठं, उजेड कुठून, नळ किती पावलांवर. पावलं त्यानं मोजलेली नव्हती, अंदाजानं सांगितली, आणि ती ताईनं ओळखली.

“मी बघितल्याशिवाय कुठंच जात नाही,” ती म्हणाली.

“मग बघायला चल.”

तिनं पेले विसळून पालथे घातले. ऊन समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून वर सरकत गेलं आणि खिडकीतून दिसणाऱ्या खांबाची सावली रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात शिरली. मग ती म्हणाली, “चल, दिवस मावळला.”

खाली थांब्यावर आता गर्दी नव्हती. वर्तमानपत्रवाला उरलेले अंक बांधत होता. “चांगल्या पन्नाससाठ आल्या अजून तुमच्या,” तो म्हणाला. “मी कुणाला टेकू दिलं नाही.” सुतळी सोडायला भाऊ खोक्याकडे सरसावला तर ताईनं हात आडवा धरला. एक माशी अजून खांबाभोवती फिरत होती, बसायची, उठायची. दोघं उभे राहिले. ती आत गेल्यावर ताईनं आणखी थोडा वेळ जाऊ दिला, आणि मगच चाळणी खाली धरून खोका तिच्यावर टेकवला. त्यानं सुतळी सोडली आणि खोक्याभोवती, चाळणीवरून, गाठ मारली. ती नीट बसली की नाही हे ताईनं ओढून बघितलं.

“आणि आजचा अंक द्या,” ताई वर्तमानपत्रवाल्याला म्हणाली. “दोन द्या.”

“दोन कशाला?” भाऊ म्हणाला. “पेटीला एकच कागद पुरतो.”

“एक ह्यांना,” ताई म्हणाली. खोका तिनं स्वतःच उचलून छातीशी धरला होता आणि चालायलाही लागली होती, कुठल्या बाजूला वळायचं हे विचारायला तेवढी थांबली. “दुसरा तुझ्या बायकोच्या आणि माझ्या मध्ये घालायला.”